जपानमध्ये जात नसते म्हणे!

“इथे जात आणू नका. हे जपान आहे. आधी त्यांचा सांस्कृतिक संदर्भ समजून घ्या.”

हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी ऐकलं. विद्यापीठ महाराष्ट्राबाहेरचं, पेपर ‘जागतिक सिनेमा’. मी समाजशास्त्राची. पीएचडीच्या कोर्सवर्कसाठी दुसऱ्या विभागातला एक पेपर घ्यावा लागतो, म्हणून तिथे जाऊन बसलेली. वर्गात नुकताच कोन इचिकावा यांचा १९६२ चा ‘हाकाई’ दाखवून झाला होता. दिवे लागले, चर्चा सुरू झाली. मी हात वर करून म्हटलं की हे बघताना मला बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आठवली. त्यावर सर हसले आणि अगदी सौम्यपणे वरचं वाक्य बोलले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हात खाली घेतला.

आता गंमत ऐका. ‘हाकाई’ ही गोष्टच मुळात जपानच्या अस्पृश्यांची आहे.

ज्यांनी पाहिला किंवा वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिमाझाकी तोसोन यांनी ही कादंबरी १९०६ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापली. नायक सेगावा उशिमात्सु हा इइयामा नावाच्या डोंगराळ भागातल्या गावात शाळामास्तर आहे. त्याचा जन्म ‘एता’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या समाजातला. मेलेली जनावरं ओढणं, सोलणं, कातडं कमावणं ही कामं पिढ्यानपिढ्या ज्यांच्या माथी मारली गेली, ती माणसं. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा दर्जा रद्द केला, पण लोकांनी तो रद्द केला नाही. उशिमात्सुचा बाप लांब डोंगरात गुरं राखत एकटा राहतो, आपल्यामुळे पोराचं बिंग फुटू नये म्हणून. पोराला त्याची एकच आज्ञा आहे: काहीही झालं, कुणीही भेटलं, तरी सांगायचं नाही. उशिमात्सु शिकतो, मास्तर होतो आणि रोज त्या आज्ञेच्या ओझ्याखाली झिजत राहतो. ज्याची पुस्तकं तो चोरून वाचतो तो इनोको रेंतारो मात्र स्वतःची जात उघड सांगून लिहितो, भाषणं करतो. पुढे त्याचा खून होतो. शेवटी उशिमात्सु वर्गातल्या मुलांपुढे खाली बसतो, डोकं जमिनीला टेकवतो आणि आजवर लपवल्याबद्दल त्यांची माफी मागतो.

कादंबरी सुरू कुठून होते माहितेय? खोलीपासून. उशिमात्सु ज्या खानावळवजा घरात भाड्याने राहतो, तिथे ओहिनाता नावाचा एक श्रीमंत माणूस उतरलेला असतो. तो ‘त्यांच्यातला’ आहे हे कळतं, बाकीचे भाडेकरू गोंधळ घालतात आणि त्याला बाहेर काढलं जातं. ते बघून उशिमात्सु गुपचूप आपलं बिऱ्हाड एका बौद्ध मंदिरात हलवतो.

माझं आडनाव असं आहे की घरमालकांना दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात. ‘मूळ गाव कोणतं?’ आणि ‘नॉनव्हेज बनवता का?’ पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका मालकिणीने घेतलेला ॲडव्हान्स तिसऱ्या दिवशी परत केला. मुलगा परत येणार आहे म्हणाली. ती खोली पुढे चार महिने रिकामी होती, आणि लायब्ररीला जायचा माझा रस्ता तिच्याच खालून होता. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे असा एकतरी किस्सा असेल, आणि तो त्यांनी घरी सांगितला नसेल.

तर खोलीवरून हाकलल्या गेलेल्या माणसाचा सिनेमा, बघणारी खोलीवरून हाकलली गेलेली मुलगी, आणि तिला सांगितलं जातं की तुझा अनुभव इथे गैरलागू आहे, कारण संस्कृती वेगळी.

मग सरांनी लागू काय धरलं? रूसोचं ‘कन्फेशन्स’. दोस्तोयेव्हस्कीचं ‘गुन्हा आणि शिक्षा’. युरोपातला निसर्गवाद. ‘आधुनिक व्यक्तीचा जन्म’. यातलं काहीच खोटं नाही. तोसोन यांनी रूसो वाचला होता, आणि दोस्तोयेव्हस्कीशी तुलना जपानी समीक्षकही करत आले आहेत. पण हिशोब बघा. पॅरिस आणि पीटर्सबर्गला जपानच्या ‘सांस्कृतिक संदर्भात’ शिरायला व्हिसा लागत नाही. मुंबईच्या चाळीतल्या बागुलांना मात्र दारातच अडवतात. बिगरपाश्चात्त्य कला बिगरपाश्चात्त्य संदर्भात वाचायची, हा त्या पेपरचा उद्देश अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला होता. मग आशियातल्या एका बहिष्कृताने आशियातल्या दुसऱ्या बहिष्कृताला ओळखलं, तर ती ‘लादलेली तुलना’ कशी झाली?

आणि तो माफीचा प्रसंग. त्याचा खुलासा सरांनी एका शब्दात केला: ‘शरमेची संस्कृती’. जपानी माणूस वाकतो, जपानी माणसाला समाजापुढे लाज वाटते. झालं समाधान. पण ज्याच्यावर अन्याय झाला तोच माफी का मागतोय? हा प्रश्न वर्गात कुणालाच पडला नाही. मला पडला होता, पण माझा हात तेव्हा खाली होता.

‘शरमेची संस्कृती’ हे प्रकरण कुठून आलं तेही सांगते, कारण आम्हा समाजशास्त्रवाल्यांचा त्यात हात आहे. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने वंशवादाविरुद्ध भांडताना एक चांगली गोष्ट मांडली: कुठल्याही समाजाला युरोपच्या फूटपट्टीने मोजून खालचा-वरचा ठरवू नका, त्याला त्याच्या संदर्भात समजून घ्या. हे वाक्य तेव्हा दुबळ्यांच्या बाजूचं होतं. त्याचीच विद्यार्थिनी रूथ बेनेडिक्ट. तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जपानला पाऊलही न लावता, जपानी स्वभावाचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. त्यात बहिष्कृतांचा ओझरता उल्लेख आहे. जगभर गेली ती मात्र ‘शरमेची संस्कृती’. अख्खा देश एका मनाचा, एका शरमेचा. त्या देशात काहींना जन्मामुळे शरम वाटायला लावली जाते आणि काहींना ती लावण्याचा हक्क असतो, हा फरक त्या एका शब्दाने पुसून टाकला. ‘दोन समाजांत उच्चनीच लावू नका’ या चांगल्या वाक्याचं ‘एका समाजाच्या आतलं उच्चनीच विचारू नका’ असं होऊन बसलं.

आपल्याकडे हेच भांडण जातीवरून झालंय. साल १९६६. त्या वर्षी फ्रान्समध्ये लुई द्युमाँ यांचं ‘होमो हायरार्किकस’ आलं. जात ही हिंदू संस्कृतीची खास गोष्ट, शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेतून उमललेली, तिला पाश्चात्त्य समतेच्या चष्म्यातून पाहू नका, असा त्याचा सूर. एम.ए.ला आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज डी व्हॉस आणि हिरोशी वागात्सुमा यांनी जपानच्या बहिष्कृतांवर ‘जपान्स इन्व्हिजिबल रेस’ हा ग्रंथ काढला. त्यात जातिव्यवस्थांच्या तुलनेवर जेराल्ड बेरेमन यांनी लिहिलं आहे. भारतातली जात, अमेरिकेतला वर्ण आणि जपानमधला बुराकू भेद शेजारीशेजारी ठेवून बघता येतात, नव्हे बघायलाच हवेत, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७१ मध्ये त्यांनी द्युमाँ यांच्या मांडणीला सरळ ‘जातीकडे पाहण्याची ब्राह्मणी दृष्टी’ म्हटलं. माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत द्युमाँवर सहा तास झाले. बेरेमन एका तळटीपेत होते.

बेरेमन यांना हे कुठून सुचलं याचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला त्यांच्या सिद्धांतापेक्षा जास्त आवडते. देहरादूनजवळच्या एका पहाडी गावात ते अभ्यास करत होते. मदतनीस ब्राह्मण तरुण होता. वरच्या जातींची माणसं मोकळेपणी बोलत, गावाचे आदर्श, रीतीभाती सांगत. मग तो मदतनीस आजारी पडला आणि त्याच्या जागी एक मुसलमान शिक्षक आला. आता खालच्या जातींची माणसं येऊन बसायला लागली, बोलायला लागली. गाव तेच, संस्कृती तीच. दुभाषा बदलला आणि गावाचं दुसरंच चित्र पुढे आलं. हे त्यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलंय. ‘सांस्कृतिक संदर्भ’ म्हणून आपल्या हातात जे दिलं जातं, त्याचा दुभाषा कोण होता, हे विचारायची सवय मला त्या निबंधाने लावली.

जपानचा दुभाषा कोण आहे? आपल्या वर्गांत पोहोचतो तो जपान झेनचा, चहाच्या समारंभाचा, गळणाऱ्या फुलांचा. १९७२ मध्ये पॉल श्रेडर यांनी ओझूंच्या सिनेमाचा संबंध झेनशी जोडला, आणि तेव्हापासून जपानी सिनेमात कुणी गप्प बसलं की ते झेन. मला ओझू आवडतात. पण त्या झेनचंच एक चित्र घेऊ, जे प्रत्येक कॉफी टेबल पुस्तकात असतं: क्योटोच्या र्‍योआनजी मंदिरातली दगडांची बाग. विंचरलेली पांढरी खडी आणि त्यात १५ दगड. शून्यता, मौन, वगैरे. त्यातल्या एका दगडाच्या पाठीमागे माणसांची नावं कोरलेली आहेत. एक ‘कोतारो’ असं वाचतात, दुसऱ्याच्या वाचनाबद्दल एकमत नाही. अभ्यासकांचा कयास असा की हे ‘कावारामोनो’ होते. कावारामोनो म्हणजे नदीपात्रातली माणसं. गावकुसाबाहेर आपण, तसे पात्रातल्या वाळूवर ते. जनावरं सोलणारे, कातडं धुणारे आणि, पंधराव्या शतकापासून, क्योटोच्या बड्या लोकांच्या बागा रचणारे. शोगुन आशिकागा योशिमासाचा आवडता बागकार झेनआमी त्यांच्यातलाच. त्याचा नातू मातासिरो याने १४८९ मध्ये एका झेन भिक्षूजवळ आपलं मन मोकळं केलं, ते त्या काळच्या मठाच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे. खाटकाच्या घरात जन्मल्याचं आपल्याला दुःख आहे, म्हणून आपण जीव घेणार नाही आणि धनाचा लोभ धरणार नाही, अशा आशयाचं.

मला सांगा, या बागेचा ‘सांस्कृतिक संदर्भ’ कोणता? शून्यता, की वाळूवर राहणाऱ्या आणि दगड उचलणाऱ्या माणसाचं दुःख? दोन्ही असेल. पण मग दोन्ही शिकवा. अर्धा शिकवून वर ‘संदर्भाचा आदर करा’ म्हणून दरडावू नका. जपानचे ताइको ढोल, त्यांना लागणारं कातडं कमावण्याचं आणि चढवण्याचं काम बुराकू वस्त्यांनी केलं. आपल्याकडे मृदंगाची गोष्ट वेगळी नाही. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये मृदंग बनवणाऱ्या, बहुतांश दलित ख्रिस्ती असलेल्या घरांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. संस्कृतीच्या सभागृहात कातडं वाजलेलं चालतं, बोललेलं चालत नाही.

इथपर्यंत मी इतरांना झोडपलं. आता स्वतःकडे येते, कारण त्या वर्गानंतर मीही एक चूक केली, आणि ती आपल्यात बरेच जण करतात.

रागाच्या भरात मी माझ्या प्रबंधाच्या तुलनेच्या प्रकरणात लिहून टाकलं: ‘बुराकू हे जपानचे दलित होत.’ पुढे बारा पानं बागुल आणि तोसोन यांची ओळीला ओळ लावत गेले. माझ्या गाईड मॅडमनी पहिल्याच वाक्याखाली रेघ मारून एक शब्द लिहिला, ‘कसे?’ मला वाटलं, याही त्यातल्याच. दोन दिवस धुसफुसले. मग वाचायला बसले, आणि लक्षात आलं की ‘कसे’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आपली जात आडनावाला चिकटलेली असते. त्यांची जास्त करून पत्त्याला. चेहरा, भाषा, आडनाव यांवरून सहसा काहीच कळत नाही. कळतं ते मूळ गाव-वस्तीवरून आणि कुळनोंदीवरून. १८७२ च्या सरकारी कुटुंबनोंदणीत कित्येक ठिकाणी या लोकांपुढे ‘नवे सामान्यजन’ अशा खुणा राहिल्या. म्हणजे समता देताना ‘नवे’ हा शिक्का मारून दिली. त्या जुन्या नोंदी बघायला १९६८ मध्ये बंदी आली. मग १९७५ मध्ये उघडकीस आलं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून विकली जातेय आणि नावाजलेल्या कंपन्या ती नोकरभरतीसाठी विकत घेतायत. मुलीच्या किंवा मुलाच्या लग्नाआधी खासगी गुप्तहेर लावून मूळ वस्ती शोधणं हाही तिथला धंदा. घरमालकिणीचा ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न मला तेव्हा नव्याने ऐकू आला. त्याच वेळी हेही उमगलं की लपवण्याची रीत वेगळी असली की लपवणाऱ्याची भीती वेगळी होते, तिचं साहित्यही वेगळं होतं. आपल्याकडे १९६३ मध्ये बागुलांचा माणूस जात चोरतो. मराठीने याला ‘चोरणं’ म्हटलं आहे, स्वतःचीच वस्तू आणि तिची चोरी. उशिमात्सु चोरत नाही. तो बापाची आज्ञा पाळतो.

आणि ‘हाकाई’ हा शब्द. मी त्याचा अर्थ इंग्रजी भाषांतराच्या नावावरून ‘आज्ञाभंग’ एवढाच धरून चालले होते. तो बौद्ध शब्द आहे. शील मोडणं, व्रतभंग. बापाची आज्ञा हे त्या घरचं शील, आणि उशिमात्सु ज्या मंदिरात बिऱ्हाड हलवतो तिथला भिक्षू आपल्याच पाळलेल्या मुलीवर वाईट नजर ठेवून आहे. शील कोणाचं मोडलं, हे तोसोन यांनी शीर्षकातच विचारून ठेवलंय, आणि मी, बौद्ध घरातली, पंचशील म्हणत वाढलेली मुलगी, ते वाचूच शकले नव्हते, कारण मला फक्त आपलंच प्रतिबिंब बघायचं होतं. संदर्भ शिकणं म्हणजे हे. सरांना जो हवा होता तो नव्हे, पण मी जो टाळला तोही नव्हे.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट सापडली, जी मी आईला फोनवर सांगितली. जपानमध्ये माणूस मेल्यावर मंदिर त्याला नवं धर्मनाम देतं. या समाजातल्या मृतांना कित्येक मंदिरांनी ‘पशू’, ‘कातडं’, ‘नीच’ अशा अर्थाची अक्षरं घालून नावं दिली. थडग्यांवर कोरली, वह्यांत लिहिली. बुद्धाच्या मंदिरांनी. आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या बड्या पदाधिकाऱ्याने उभं राहून सांगितलं की जपानमध्ये असा भेदभाव नाही. चळवळीने पिच्छा पुरवला, तेव्हा पाच वर्षांनी ते विधान त्यांना मागे घ्यावं लागलं. आई आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला जाते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तिथं पण भटच शिरले का?” मी हसले, पण तिला ‘हो’ म्हणता आलं नाही. तिथे भट नव्हते. आपल्याच धम्माची माणसं होती. ही अडचण मी अजून सोडवलेली नाही, आणि माझ्या प्रकरणात ती तशीच उघडी ठेवली आहे.

माफीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र जपानमध्येच मिळालं. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये झेनकोकु सुईहेईशा, म्हणजे अखिल जपान समता संघटना, स्थापन झाली. जाहीरनामा सैको मांकिची यांनी लिहिला, ते बुराकू वस्तीतल्या मंदिराच्या घरातले. ज्या शब्दाने हिणवलं जातं तोच आपण अभिमानाने उच्चारण्याचा दिवस आला आहे, असं त्यात जाहीर केलं. झेंडा काळा, त्यावर काट्यांचा लाल मुकुट. उशिमात्सुने डोकं टेकवल्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि त्याच्याच लोकांनी सांगितलं की आता माफी मागायची पाळी आमची नाही. ‘शरमेच्या संस्कृतीत’ हे कुठे बसवायचं, सर? हे लोकही जपानीच होते.

या चळवळीने मग ‘हाकाई’लाही सोडलं नाही. शब्दांवरून, माफीवरून, शेवटावरून वाद झाले. कादंबरीच्या शेवटी उशिमात्सु त्याच हाकलल्या गेलेल्या ओहिनाताबरोबर अमेरिकेत टेक्सासला निघतो. म्हणजे जपानमध्ये त्याला जागाच नाही. १९३९ मध्ये तोसोन यांनी शब्द बदलून सुधारित आवृत्ती काढली. १९५३ मध्ये मूळ संहिता परत छापली गेली, तेव्हा बुराकू संघटनेने निवेदन काढून प्रकाशकाला जाब विचारला. इचिकावांच्या चित्रपटात टेक्सास नाही. तिथे उशिमात्सु रेंतारोच्या बायकोसोबत तोक्योला जातो, काम पुढे न्यायला. मला वाटतं १९२२ नंतर त्याला बोटीत बसवून घालवून देणं कुणाला शक्यच नव्हतं. २०२२ मध्ये, सुईहेईशाच्या शंभराव्या वर्षी, ‘हाकाई’ पुन्हा पडद्यावर आला. एका पुस्तकावर एका समाजाने शंभर वर्षं केलेलं हे भांडण हाच त्याचा सांस्कृतिक संदर्भ. आमच्या वर्गात त्यातलं एक अक्षर आलं नाही. रूसो आला.

उलट बाजूने आपल्याशी काय होतं तेही बघा. ‘पाथेर पांचाली’ १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखवला गेला, पुढच्या वर्षी कानमध्ये त्याला ‘मानवी दस्तऐवज’ म्हणून गौरवलं, आणि जगाच्या लेखी अपूचं घर म्हणजे भारतीय खेडं झालं. हरिहर पुरोहित आहे. त्याची गरिबी खरी आहे, दुर्गाचं मरण बघून मीही रडले. पण त्या खेड्याला एक दुसरी बाजू असणार, जिथे हरिहर पाणी प्यायला जाणार नाही. सत्यजित राय यांनीच १९८१ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला. ओम पुरींचा दुखी पंडिताच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. आमच्या पेपरच्या यादीत भारताच्या वाट्याला एक सिनेमा होता. कोणता, ते सांगायला नको. टोक्योतल्या एखाद्या वर्गात हाच भारत शिकवला जात असेल, आणि तिथल्या बुराकू विद्यार्थ्याने हात वर केला तर त्यालाही कुणीतरी सांगत असेल की भारताला भारताच्या संदर्भात समजून घे.

आपल्या लोकांनी अशा परवानग्या कधी मागितल्या नाहीत. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच वर्षी तिकडे जपानच्या मिमासाका भागात, मुक्तीच्या हुकुमावर चिडलेल्या शेतकऱ्यांनी बुराकू वस्त्या जाळून माणसं मारली. जोतीरावांना हे कळायचा मार्ग नव्हता. कळलं असतं तर त्यांनी ‘संस्कृती वेगळी’ म्हणून पान उलटलं नसतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रो अर्जाची प्रत मागितली. पुढे १९७२ मध्ये पँथरने तर नावच तिकडून आणलं.

मला हे आज लिहावंसं वाटलं, कारण माझ्या विभागातल्या दोन ज्युनिअर मुलींनी या वर्षी तो पेपर सोडला. एक म्हणाली, “ताई, आपल्याला एक्सपोजर नाही. त्यांनी लहानपणापासून हे सगळं बघितलंय.” एक्सपोजर हा शब्द पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी इतका ऐकलेला असतो की तो आपल्याला आजाराचं नाव वाटायला लागतो. घरात कुरोसावाच्या डीव्हीडी नव्हत्या हे खरंच आहे. आमच्या घरात डीव्हीडीच नव्हता. पण त्या वर्गातल्या तीस जणांपैकी पडद्यावरचा माणूस खोली का बदलतोय, हे समजावून न सांगता कळलेली मी एकटी होते. बाकीचं, म्हणजे कुळनोंदी, शीलभंग, दगडावरची नावं, हे सगळं लायब्ररीत मिळतं. मला दीड वर्ष लागलं. तुम्हाला कमी लागेल.

त्या दोघींना मी गेल्या महिन्यात हॉस्टेलच्या खोलीवर बोलावलं. त्यांनी आणखी मुली आणल्या. आठ जणी, एक लॅपटॉप, दोन पलंग. एक तेलंगणाची, एक ओडिशाची, बाकी इकडच्या-तिकडच्या. इंग्रजी सबटायटल पळत होती, ती मी जमेल तशी हिंदीत सांगत होते. उशिमात्सुने वर्गात डोकं टेकवलं तेव्हा तेलंगणाच्या मुलीने हात पुढे करून स्पेस बार दाबला.

“हा कशाला माफी मागतोय?” ती म्हणाली. “चूक तर त्यांची आहे.”

ओडिशाची म्हणाली, “नोकरी जाईल म्हणून.” दुसरी म्हणाली, “नाही, पोरांना वाईट वाटू नये म्हणून.” तिसरीने विचारलं की त्या पोरांमध्ये कुणी त्यांच्यातलं असेल का, आणि असेल तर ते आता काय करेल. हे मला कधी सुचलं नव्हतं. पडदा अर्धा तास तसाच थांबलेला होता. मग मेसची वेळ संपत आली म्हणून आम्ही उठलो, आणि उरलेला सिनेमा जेवून आल्यावर बघितला.